देणाऱ्याची वही : प्रस्तावना

लासलगावच्या बाजारात कांदा विकून परतताना माझे आजोबा अडत्याने दिलेली हिशेबपट्टी कनवटीला लावून आणीत आणि रात्री कंदिलाच्या उजेडात ती माझ्याकडून वाचून घेत. वरच्या अंगाला वजन आणि भाव. त्याखाली कपातीच्या रकमा एकीखाली एक, अडत, हमाली, तोलाई, वाराई. आणि अगदी तळाशी, दोनचार आण्यांची, ‘धर्मादाय’. आजोबा गळ्यात तुळशीची माळ घालणारे, पौषात त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांच्या यात्रेस पायी जाणारे वारकरी होते. आमचे धाकटे चुलते मात्र देवाधर्माची गोष्ट निघाली की उठून ओसरीवर जाऊन बसत. परंतु बाजारात हा भेद कोणी जाणत नसे, आणि दोघांच्याही पट्टीतून धर्मादाय सारखाच कापला जाई. एकदा चुलत्यांनी अडत्यास विचारले, हे पैसे जातात कुठे? अडत्या म्हणाला, पांजरपोळात, आणखी कुठे? ‘मग वही दाखवा,’ असे चुलते म्हणाले, तेव्हा अडत्याने वही न दाखविता चहा मागविला. घरी आल्यावर आजोबा रागावले. दिल्या दानाचा हिशेब मागू नये, पुण्य उणं होतं, असे ते म्हणाले. त्यावर चुलत्यांचे उत्तर मला अजून जसेच्या तसे आठवते : ‘तात्या, पुण्य तुमचं उणं होईल, पैसे माझेही गेले.’

नाशिक आणि भोवतालच्या प्रदेशातील दानव्यवहारावरील या लेखसंग्रहाच्या संपादकांनी प्रस्तावना लिहिण्याविषयी गळ घातली, तेव्हा ओसरीवरचा हा संवादच मला प्रथम आठवला. आस्तिक अधिक देतो की नास्तिक, हा प्रश्न आजकाल सभासंमेलनांतून मोठ्या हिरिरीने विचारला जातो, आणि उत्तर देणारा बहुधा आपल्याच पंगतीत अधिक वाढून घेतो. पण ज्या गावात एकाच घाटावर पिंडदान, अन्नदान आणि रक्तदान अशी तिन्ही दाने एका सकाळी होताना दिसतात, त्या गावातील माणसाने हा प्रश्न आहे तसा स्वीकारण्याचे कारण नाही. देणाऱ्याच्या मनात देव आहे की नाही, यावरून दान किती होईल हे सांगणे कठीण; ते कोणाला पात्र समजेल, कोणत्या प्रसंगी निघेल, आणि निघाल्यावर त्याच्या मागोमाग कोणी जाईल की नाही, हे मात्र पुष्कळ अंशी सांगता येते. या तीन प्रश्नांपैकी तिसरा, म्हणजे मागोमाग जाण्याचा, माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा असून आपल्याकडे त्याचीच सर्वांत अधिक हेळसांड झालेली आहे.

प्रथम शब्दांचाच घोटाळा निस्तरला पाहिजे. आपल्या जुन्या दर्शनांच्या परिभाषेत आस्तिक म्हणजे वेदांचे प्रामाण्य मानणारा. ईश्वर मानण्या-न मानण्याशी त्या शब्दाचा तितकासा संबंध नव्हता, आणि म्हणून बौद्ध व जैन, कितीही धर्मशील असले तरी, त्या परिभाषेत नास्तिकच ठरत. हा अर्थ ध्यानात ठेवून नाशिकच्या दक्षिणेस असलेल्या त्रिरश्मी डोंगरावर, म्हणजे आपल्या पांडवलेण्यांत, दहाव्या लेण्याच्या ओवरीत उभे राहावे. क्षहरात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचे, इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतील, जे लेख तेथे कोरलेले आहेत, त्यांतील एकात त्याने तीन लक्ष गाई दिल्याचा, देवांना व ब्राह्मणांना सोळा गावे दिल्याचा, वर्षास लक्ष ब्राह्मणांना जेवू घातल्याचा, भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शूर्पारक येथे चौसोपी विश्रामगृहे बांधल्याचा, तापी, दमण, डहाणुका इत्यादी नद्यांवर फुकट नावा ठेवल्याचा आणि काठावर पाणपोया घातल्याचा निर्देश आहे. आणि हे सारे ज्या दगडावर लिहिले, ते लेणे मात्र त्याने वेद न मानणाऱ्या भिक्षूंना, चारी दिशांहून येणाऱ्या संघाला, देऊन टाकले. या भिक्षूंच्या भोजनासाठी त्याने जे शेत दिले, तेही चार हजार कार्षापणांस एका ब्राह्मणाकडून विकत घेतलेले. आजच्या कोणत्याही पंथाच्या चौकटीत हा दाता बसत नाही, आणि त्याला बसविण्याचा अट्टाहासही करू नये.

परंतु मला त्याच्या औदार्याहून त्याच्या हिशेबाचे अधिक कौतुक वाटते. त्याने संघासाठी तीन हजार कार्षापणांची अक्षयनीवी, म्हणजे कायम ठेव, गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली : दोन हजार एका श्रेणीकडे दरमहा दरशेकडा एक या व्याजाने, आणि एक हजार दुसरीकडे पाऊण टक्क्याने. मुद्दल परत मागावयाचे नाही, केवळ व्याज खावयाचे. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी द्यावयाचे. वाचकाने कागद घेऊन मांडून पाहावे : दोन हजारांचे महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस, वीस भिक्षूंना बारा-बारा म्हणजे दोनशे चाळीस. एक कार्षापण इकडचा तिकडे नाही. आणि हा सारा व्यवहार निगमसभेत जाहीर करून रीतसर नोंदविला, असेही तोच दगड सांगतो. पुढे आभीर राजा ईश्वरसेनाच्या नवव्या राज्यवर्षी विष्णुदत्ता नावाच्या एका शक उपासिकेने याच डोंगरावरील आजारी भिक्षूंच्या औषधासाठी रकमा ठेविल्या, त्याही गोवर्धनच्या श्रेणींकडेच. तेल्यांची श्रेणी त्यांत आहे. पुण्यावर दृढ श्रद्धा असूनही वहीवर तितकीच श्रद्धा ठेवता येते, याचा हा आपल्या गावचा पुरावा माझ्या आजोबांना कोणी दाखविला नाही, आणि आजोबांचा राग अनाठायी ठरविण्यास चुलत्यांनाही तो ठाऊक नव्हता.

धर्मशास्त्राने दानाचा जो विचार केला, तो विस्ताराने अफाट आहे. देवगिरीच्या यादवांचा करणाधिप हेमाद्री, ज्याचे नाव आपण दगडी देवळांशी जोडून मोकळे होतो, त्याने ‘चतुर्वर्गचिंतामणी’चा एक संपूर्ण खंड दानास वाहिला आहे, आणि भारतरत्न पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात हा सारा पसारा अशा रीतीने मांडून ठेवला आहे, की पुढील अभ्यासकास निदान वाट चुकण्याचे भय नाही. दाता, प्रतिग्रहीता, श्रद्धा, देय वस्तू, देश आणि काल ही दानाची सहा अंगे. यज्ञादी ते इष्ट, विहिरी, तलाव, अन्नछत्रे ते पूर्त. आणि दान म्हणजे केवळ देणे नव्हे, तर आपले स्वत्व सोडून दुसऱ्याचे स्वत्व निर्माण करणे, ही मीमांसकांची व्याख्या तर आजच्या वकिलासही हेवा वाटावा अशी नेमकी आहे. तथापि स्वत्व सोडल्यावर दात्याचा संबंध सुटला, या सिद्धांतातच आजोबांच्या रागाचे मूळ आहे. घेणाऱ्याची पात्रता दानापूर्वी पारखावी, असे शास्त्र वारंवार बजावते. दानानंतर त्या वस्तूचे काय झाले हे पाहावे, असा आग्रह मात्र त्यात अभावानेच आढळतो. वारकऱ्यांच्या पंगतीने पात्रतेची ही पारखही मोडून काढली आणि भूक हीच पात्रता ठरविली. हे मोठे परिवर्तन होते, पण वही तिथेही नव्हती. पातेल्यात भात उरला की नाही, एवढाच त्या पंगतीचा हिशेब.

मराठी राज्याच्या काळात नाशिक हे दानाचे शहर झाले, ते दगडाच्या रूपाने. १७४७ चे नारोशंकराचे देऊळ, नानासाहेब पेशव्यांनी हाती घेतलेले त्र्यंबकेश्वराचे मंदिर, १७८२ पासून सरदार रंगराव ओढेकरांनी बांधविलेले काळाराम मंदिर, अहल्याबाई होळकरांचे घाट आणि धर्मशाळा यांची यादी कोणत्याही मार्गदर्शिकेत सापडेल. दगडामागे कागद होता : सनद, इनाम, वर्षासन, नेमणूक, आणि चंद्रसूर्य असेतोपर्यंत चालविण्याची शपथ. १८५२ च्या इनाम कमिशनने या कागदांची जी झाडाझडती घेतली, तिच्याविषयी आपल्याकडे केवळ संताप आढळतो. तो बव्हंशी रास्तही आहे. परंतु दानाच्या वह्या उघडून दाखवाव्या लागल्या, असा हा व्यापक प्रसंग होता, आणि पुष्कळ घराण्यांना आपण कशासाठी खात आहोत याचे स्मरण त्या चौकशीत प्रथम झाले, हेही कबूल करावयास हवे.

तोवर दानाच्या उपयुक्ततेविषयी प्रश्न घरातूनच उठू लागले होते. पुण्यास पेशव्यांच्या रमण्यात श्रावणात वाटली जाणारी दक्षिणा इंग्रजांनी काटछाट करून चालू ठेवली होती. तिचा काही भाग मराठी ग्रंथांस मिळावा, असा अर्ज १८४९ मध्ये लोकहितवादी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरकारात केला, तेव्हा शहरात जी खळबळ उडाली तीत जोतीराव फुले अर्जदारांच्या पाठीशी उभे राहिले. एका जुन्या दानाचे पात्र बदलावे, इतकीच ही मागणी. पण पात्र बदलले की दानाचा सारा अर्थ बदलतो, हे दोन्ही पक्षांना पुरते कळले होते. पुढे १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापणाऱ्या फुल्यांना नास्तिक म्हणणे चुकीचे होईल. निर्मिकावर त्यांची निष्ठा होती, त्यांनी काढून टाकला तो मधला दलाल. १८७७ च्या दुष्काळात धनकवडीस त्यांनी व सावित्रीबाईंनी चालविलेल्या अन्नछत्रात मुले जेवत, आणि मुलांना जेवू घातल्याने कोणता लोक प्राप्त होतो याची चौकशी तेथे कोणी करीत नसे.

खराखुरा निरीश्वरवादी दाता पाहावयाचा तर आगरकरांकडे वळले पाहिजे. त्यांनी मागे आपल्या नावाची धर्मशाळा ठेवली नाही, ट्रस्ट नाही, पाटी नाही. पोटापुरत्या पैशावर संतोष मानून सारा वेळ परहितार्थ खर्चीन, अशा अर्थाचे पत्र आईस लिहिणाऱ्या या तरुणाने जे दिले, ते मिळू शकणाऱ्या आणि न मिळविलेल्या पगाराच्या रूपाने दिले. आणि अशा दानाची नोंद कोणत्याही वहीत होत नाही, ही आपल्या विषयाची एक मोठी अडचण आहे. जो हजार रुपये देतो तो दाता, आणि ज्याने आयुष्यभर दरमहा शंभर रुपये कमी घेतले तो केवळ मास्तर! नास्तिक कमी देतो असे म्हणणाऱ्यांनी आणि त्यांना उत्तर देणाऱ्यांनीही हे मोजमाप कसे करावयाचे, ते आधी ठरवावे.

नाशिक जिल्ह्यापुरते बोलायचे तर, विसाव्या शतकातील सर्वांत मोठी दाने देवळांस नव्हे, शाळांस मिळाली, असे मला वाटते. १९१४ मध्ये मराठा विद्या प्रसारक समाजाचे काम उभे राहिले ते रावसाहेब थोरात, गणपतदादा मोरे, काकासाहेब वाघ यांच्यासारख्यांच्या पायपिटीतून आणि खेडुतांच्या वर्गणीतून; साताऱ्याकडे भाऊराव पाटलांनी मुष्टिफंडाने घरोघरची मूठमूठ ज्वारी गोळा करून वसतिगृहे चालविली. मूठ देणारी बाई सकाळी तुळशीला पाणी घालीत होती, आणि मूठ मागणारा बहुधा सत्यशोधक होता. शरणपूरची हकीकत याहून विलक्षण आहे : चर्च मिशनरी सोसायटीच्या देणग्यांवर चाललेल्या तेथील आश्रमशाळेत गुलामगिरीतून सोडविलेली आफ्रिकन मुले शिकली, आणि त्यांच्यापैकी जेकब वेनराइट हा पुढे लिव्हिंग्स्टनचे शव घेऊन इंग्लंडास गेला. मालेगावची जकात आणि फित्रा, मनमाडच्या गुरुद्वाऱ्याचे लंगर, जैनांची पांजरपोळे, देवळालीची पारशी सॅनिटोरियमे यांविषयी मी येथे विस्तार करीत नाही. संग्रहातील लेखकांना तो अधिकार माझ्याहून मोठा आहे.

तथापि एका गोष्टीकडे लक्ष वेधल्यावाचून पुढे जाववत नाही. मुसलमान आपल्या साठविलेल्या धनाचा चाळिसावा भाग काढतो, शीख दसवंध म्हणजे दहावा, ख्रिस्ती माणसाला दशांश ठाऊक आहे. आणि नागपुरास १९५६ मध्ये दीक्षा दिल्यावर डॉ. आंबेडकरांनी, ज्या धम्मात ईश्वर नाही त्याच्या अनुयायांनाही, उत्पन्नाचा विसावा भाग धम्मकार्यासाठी काढण्यास सांगितले. श्रद्धावंताला अपूर्णांक मिळालेला असतो, तिथी मिळालेली असते, घाट मिळालेला असतो. निरीश्वरवाद्याला यांपैकी काहीच वारशाने मिळत नाही. अक्षय्य तृतीयेस त्याचा हात आपोआप खिशाकडे जात नाही, ग्रहण सुटले की ‘दे दान’ म्हणून कोणी त्याच्या दारात ओरडत नाही. त्याची वृत्ती उणी असते असे नव्हे, त्याला प्रसंग उणे असतात, आणि ते त्याला हाताने घडवावे लागतात.

महाराष्ट्रातील विवेकवाद्यांनी हे प्रसंग कसे घडविले, हा या विषयातील सर्वांत रसाळ भाग होय. डॉ. नरेंद्र दाभोलकर, डॉ. श्रीराम लागू, बाबा आढाव, निळू फुले प्रभृतींनी कार्यकर्त्यांच्या मानधनासाठी सामाजिक कृतज्ञता निधी उभारला तो अत्र्यांच्या ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग करून, देवाला निवृत्त करावे असे लिहिणारा नट आणि देवदर्शन करून तिकीट काढणारा प्रेक्षक यांच्या भेटीतून तो पैसा जमला. अंधश्रद्धा निर्मूलन समितीने होळी लहान करून पोळी दान करण्यास सांगितले. गोदेच्या काठावर अनंतचतुर्दशीस विसर्जित गणेशमूर्तींचे दान मागणारी तरुण मुले मी कित्येक वर्षे पाहत आलो आहे. एकदा एक वृद्ध बाई मूर्ती उराशी धरून त्यांच्या टेबलापुढे कितीतरी वेळ उभ्या होत्या. ‘आजी, तीन वेळा पाण्यात बुडवा आणि मग आम्हाला द्या,’ असे त्यांतील एका मुलाने सांगितल्यावर त्यांनी तसे केले, मूर्ती दिली, आणि वर दक्षिणा म्हणून त्याच्या हातावर पाच रुपये ठेवले. मुलगा गोंधळला. ते पाच रुपये घ्यावे की नाही, याचे उत्तर त्याच्या कोणत्याही पुस्तकात नव्हते. देहदान, नेत्रदान, रक्तदान या शब्दांतही हीच देवघेव आहे : ज्यांनी पिंड नाकारला, त्यांनी दान हा शब्द मात्र नाकारला नाही, उलट दधीचीची साक्ष काढून तो अधिकच घट्ट धरला.

भगूरचे सावरकर कर्मकांड न मानणारे, आपले श्राद्ध करू नये असे सांगून गेलेले. पण रत्नागिरीस १९३१ मध्ये त्यांच्या प्रेरणेने पतितपावन मंदिर उभे राहिले ते भागोजी कीर या श्रद्धाळू धनिकाच्या पैशाने. बुद्धिवाद्याने देऊळ मागावे आणि भाविकाने ते सर्वांस उघडे ठेवण्याच्या अटीवर बांधून द्यावे! ज्यांना आस्तिक-नास्तिकांचे दोन स्वतंत्र रकाने आखावयाचे असतील, त्यांनी ही नोंद कोणत्या रकान्यात घालावी ते मला कळवावे. गाडगे महाराजांचेही तसेच. त्यांची नाशिकची धर्मशाळा आजही यात्रेकरूंना आसरा देते. तीर्थात धोंडापाणी असे कीर्तनातून सांगत त्यांनी तीर्थोतीर्थी धर्मशाळा बांधल्या, आणि स्वतः मात्र गाडगे व खराटा यांपलीकडे काही ठेवले नाही.

दानाविरुद्धचा एक युक्तिवाद आस्तिक-नास्तिक दोघांनाही अडचणीत टाकतो, आणि तोही नाशिकातच दोनदा मोठ्याने मांडला गेला. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराच्या दारी दादासाहेब गायकवाड आणि त्यांचे सहकारी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली उभे राहिले, तेव्हा ते कोणाचे दान मागत नव्हते. एका सरदाराच्या पुण्यकर्माने बांधलेले दार आपल्याला का बंद, हे विचारीत होते. पाच वर्षे सत्याग्रह चालूनही ते दार उघडले नाही, आणि १९३५ मध्ये याच जिल्ह्यातील येवल्यास धर्मांतराची घोषणा झाली. मंदिर बांधणाऱ्याचे औदार्य खोटे होते असे नव्हे, पण त्या औदार्याच्या पात्रांत माणसांचा एक मोठा वर्ग धरलेलाच नव्हता. दुसरा प्रसंग मार्च २०१८ चा : नाशिकहून निघालेले हजारो शेतकरी व आदिवासी लाल बावटा घेऊन सहा दिवस चालत मुंबईस पोहोचले, तेव्हा मुंबईकरांनी रस्त्यावर येऊन त्यांना पाणी, बिस्किटे, चपला दिल्या. त्यांनी त्या आनंदाने घेतल्या. मागणी मात्र वनजमिनीच्या पट्ट्याची होती, चपलेची नव्हती. दान आणि हक्क यांतील अंतर समजून घेण्यास मला ग्रंथांपेक्षा त्या फाटक्या टाचांच्या छायाचित्रांचा अधिक उपयोग झाला.

कायद्याने या साऱ्यात जी मध्यस्थी केली, ती मनोरंजक आहे. १८९९ मध्ये मुंबईकडील एका मृत्युपत्राच्या वादात प्रिव्ही कौन्सिलने असा निवाडा दिला, की ‘धर्मा’साठी ठेवलेली रक्कम, त्या शब्दाचा अर्थच संदिग्ध असल्यामुळे, निरर्थक ठरते. आपल्या आज्यापणज्यांना जो शब्द सर्वांत स्पष्ट वाटत होता, तो विलायतेच्या न्यायासनापुढे अस्पष्ट ठरला! १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त अधिनियमाने ही चूक दुरुस्त केली. धर्म, धर्मादाय, पुण्यकार्य, पुण्यदान अशा हेतूंचे विश्वस्तनिधी केवळ अनिश्चिततेच्या कारणाने रद्द होणार नाहीत, असे त्यात म्हटले आहे. त्याच अधिनियमाच्या चोपन्नाव्या कलमाने माझ्या चुलत्यांची बाजू घेतली : व्यापारात धर्मादाय म्हणून कापलेली रक्कम व्यापाऱ्याची नव्हे, तो तिचा केवळ विश्वस्त. चुलत्यांना हे कलम ठाऊक असते तर त्या दिवशी चहावर भागले नसते. पुढे १९६१ च्या आयकर कायद्याने ऐंशी-जी कलमान्वये देणगीदारास सूट दिली, २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजकार्यास लावण्यास भाग पाडले, आणि धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत व दहा टक्के दुर्बलांसाठी सवलतीत ठेवण्याचे बंधन न्यायालयाने घातले. राज्य निधर्मी असले तरी त्याच्या दफ्तरातील खात्याचे नाव धर्मादाय आयुक्तालयच आहे, आणि ते असावे असेच मला वाटते.

बाहेरच्या जगातील शास्त्रज्ञांनी हा प्रश्न प्रयोगशाळेत नेला. अमेरिकेत नियमाने चर्चला जाणारे अधिक देणग्या देतात, असे पाहण्यांतून दिसते. त्यांतून खुद्द चर्चला दिलेले वगळले की अंतर बरेच घटते, असा प्रतिपक्ष आहे. १९७३ मध्ये प्रिन्स्टन येथील धर्मशिक्षणाच्या विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रसिद्ध प्रयोगात, रस्त्यात विव्हळणाऱ्या माणसास मदत करणे न करणे हे प्रवचनाच्या विषयावर नव्हे, तर विद्यार्थ्याला किती घाई होती यावर अवलंबून असल्याचे आढळले. २०१५ मध्ये सहा देशांतील मुलांवरील एका अभ्यासाने धार्मिक घरांतील मुले कमी उदार असतात असे जाहीर केले, आणि जगभरच्या वृत्तपत्रांनी ते उचलून धरले. देशांना दिलेले सांकेतिक अंक गणितात खऱ्या संख्यांसारखे वापरले गेल्याचे उघड झाल्यावर २०१९ मध्ये तो निबंध मागे घेण्यात आला. ती दुरुस्ती छापण्यास वृत्तपत्रांना पहिल्याइतकी घाई नव्हती. या प्रकारच्या संशोधनाची मी थट्टा करीत नाही. दोनशे चाळीस कार्षापणांचा मेळ न घालता निष्कर्ष काढला की काय होते, त्याचा तो धडा आहे, इतकेच.

या साऱ्याचा विचार आताच का करावा? २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे. बारा वर्षांनी गोदेच्या काठावर लक्षावधी माणसे येतात, अन्नछत्रे उघडतात, आखाड्यांत भंडारे होतात, आणि कोट्यवधी रुपये एका हातातून दुसऱ्या हातात जातात. २००३ च्या सिंहस्थात ऑगस्टमध्ये जी चेंगराचेंगरी होऊन तीसहून अधिक माणसे मृत्यू पावली, ती उधळलेली नाणी वेचण्याच्या झुंबडीतून उसळली, असे त्यावेळी वृत्तपत्रांनी नोंदविले होते. उधळणाऱ्याच्या मनात पुण्यावाचून दुसरे काही नसेल. दान हातातून सुटल्यावर आपला संबंध सुटला, या समजुतीची इतकी भयंकर परिणती मी दुसरी पाहिलेली नाही. आणि आता तर दानपेटीशेजारी फोन धरला की पैसे जातात; देणाऱ्याला घेणाऱ्याचे तोंड दिसत नाही, आजारी मुलाचे छायाचित्र खरे की खोटे ते कळत नाही, आणि पावती येते ती हातात न पडता यंत्राच्या पोटात राहते.

प्रस्तुत संग्रह या प्रश्नांचा निकाल लावीत नाही, आणि संपादकांचा तसा दावाही नाही. कोणी किती दिले याची स्पर्धा न मांडता, एका जिल्ह्यात दान कोणत्या वाटांनी निघते, कोठे पोहोचते आणि कोठे मुरते, हे शिलालेख, सनदा, ट्रस्टांचे अहवाल आणि जिवंत माणसांच्या आठवणी यांच्या आधारे पाहण्याचा हा प्रयत्न आहे. लेखकांत कीर्तनकार आहेत तसे निरीश्वरवादी आहेत, आणि त्यांनी एकमेकांचे लेख वाचून ते बदलण्याचा आग्रह धरला नाही, ही गोष्ट मला ग्रंथाच्या गुणांत मोजावीशी वाटते. माझे मतभेद आहेत. गुप्तदानाची स्तुती येथे जरा अधिक झाली आहे. जे दान दात्याच्या डाव्या हातालाही कळत नाही, ते पुष्कळदा घेणाऱ्याच्या उजव्या हातापर्यंतही पोहोचत नाही. उलट, हिशेब मागणाऱ्या विवेकवाद्यांनी स्वतःच्या निधींच्या वह्या किती वेळा चव्हाट्यावर मांडल्या, हेही कोणीतरी विचारावयास हवे होते. स्त्रियांनी दिलेल्या दानाची जागा पुस्तकात अपुरी आहे. विष्णुदत्तेच्या गावात तरी ती अपुरी राहू नये. दुसऱ्या आवृत्तीत ही उणीव भरून निघेल, असे संपादकांनी मला वचन दिले आहे.

ते वचन पाळता यावे म्हणून वाचकांस एक विनंती. पंचवटीतील वाड्यांत, लासलगाव-येवल्याच्या अडतींत, मालेगावच्या मोहल्ल्यांत, तीर्थोपाध्यायांच्या माळ्यांवर वर्षासनाच्या सनदा, वर्गणीच्या याद्या आणि धर्मादायाच्या चोपड्या अद्याप आहेत. वाडा पाडून इमारत बांधण्याच्या धांदलीत त्या पोत्यांनी रद्दीत जात आहेत. ज्यांच्या घरी असा एखादा कागद असेल, मग तो मोडीत असो की उर्दूत, त्यांनी तो विकण्यापूर्वी संपादकांस कळवावे. मी स्वतः माझ्या चुलत्यांनी मागितलेली ती वही पुष्कळ वर्षांनी शोधीत गेलो होतो. अडत्याच्या नातवाने पेढी बंद करताना ती वजनावर विकली होती.

नाशिक
अक्षय्य तृतीया